न थांबलेली मोटार आणि थांबलेला खडखडा

कोल्हापूरचा शाही दसरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी दसरा चौकात पालख्या येतात, शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला एकच झुंबड उडते. या गर्दीत आमच्या सातारा-सांगलीकडची माणसंही भरपूर असतात. सगळ्यांच्या माना उंचावतात त्या एका जुन्या मोटारीसाठी. छत्रपती घराण्यातली मंडळी तिच्यातून चौकात येतात. ती मोटार म्हणजे 'मेबॅक'. पोरंटोरं बापाच्या खांद्यावर बसून देवीच्या पालखीइतक्याच उत्सुकतेनं तिची वाट बघतात.

सांगलीच्या पुतण्याला जुन्या मोटारींचं भारी वेड. "काका, तुम्ही गड-किल्ल्यांवर लिहिता, शिलालेखांवर लिहिता, मग या गाड्या काय इतिहास नाहीत का?" असं तो बरेच दिवस म्हणतोय. आहेत ना, नक्कीच आहेत. पण मास्तराची खोड अशी की इतिहास म्हटला की 'कुणाचा इतिहास?' हा प्रश्न मागोमाग येतोच. म्हणून आज या गाड्यांविषयी दोन्ही अंगांनी लिहितो. लांबलं तर चहा ठेवा आणि सावकाश वाचा.

आधी मेबॅकविषयी. विल्हेल्म मेबॅक हे जर्मन यंत्रतज्ज्ञ. डाइमलरबरोबर काम करून त्यांनी १९०१ ची पहिली 'मर्सिडीज' घडवली. पुढे १९०९ साली त्यांनी आणि त्यांचा मुलगा कार्ल यांनी काउंट झेपेलिनच्या प्रचंड हवाई जहाजांसाठी इंजिनं करणारा कारखाना उभा केला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला, विमानांवर आणि त्यांच्या इंजिनांवर तहाची बंधनं आली, तेव्हा कारखान्याला काम हवं म्हणून १९२१ पासून ते मोटारी करू लागले. म्हणजे आकाशात उडण्यासाठी शिकलेली विद्या रस्त्यावर आली! दुसऱ्या महायुद्धात हे उत्पादन बंद पडलं. जेमतेम वीस वर्षांत सगळ्या मिळून सुमारे १८०० मोटारी. आज एखादा मोठा कारखाना तेवढ्या मोटारी एका दिवसात बाहेर काढतो. तेव्हा कोल्हापुरात दसऱ्याला दिसते ती किती दुर्मिळ चीज आहे याचा अंदाज यावा.

पण आमच्या भागाचं आणि उंची मोटारींचं नातं मेबॅकच्याही आधीचं आहे. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

साल १९०८. मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटीची शर्यत झाली. ६२० मैलांची, म्हणजे जवळजवळ १००० किलोमीटरची, आणि वाटेत सह्याद्रीतले सहा घाट. आजच्या महामार्गानं मुंबई-कोल्हापूर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. जाऊन-येऊन धरलं तरी आकडा पुरत नाही. यावरून दिसतं की रस्ता मुद्दाम आडवळणाचा आणि अवघड घेतला होता. कारण ती नुसती पळण्याची शर्यत नव्हती. गाडी बंद न पडता किती जाते, हे बघायचं होतं. त्या काळी मोटार बंद पडणं ही बातमीच नव्हती, बंद न पडणं ही बातमी होती.

ही शर्यत जिंकली एका रोल्स-रॉइसनं. तिचं नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती. भारतात आलेल्या अगदी पहिल्या रोल्सपैकी ही एक. सबंध वाटेत ती एकदाही नाइलाजानं थांबली नाही, असा तिचा लौकिक झाला.

'एकदाही थांबली नाही' या शब्दांचं मोल कळायला तेव्हाचे रस्ते डोळ्यांपुढे आणायला हवेत. डांबर नव्हतं. खडी आणि मुरूम, त्यावर बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि त्या चाकोऱ्यांत बैलांच्या पत्र्यांचे पडलेले खिळे. पंक्चर तर पावलोपावली. पेट्रोल पंप नव्हतेच, पेट्रोल डब्यांतून बरोबर न्यायचं. गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारायचं. आमच्या लहानपणीसुद्धा खंबाटकीच्या घाटात बोनेट उघडून, रेडिएटरमध्ये पाणी ओतत उभे असलेले ट्रक नेहमी दिसायचे. आणि ही गोष्ट त्याच्याही पन्नास वर्षं आधीची. चढ एकवेळ परवडला, उतार त्याहून वाईट. त्या रोल्सला ब्रेक होते ते फक्त मागच्या चाकांना. पुढच्या चाकांचे ब्रेक त्या मॉडेलला १९२४ च्या सुमारास आले. सह्याद्रीचा घाट दोन चाकांच्या ब्रेकवर उतरायचा म्हणजे ड्रायव्हरचं काळीज काय धडधडलं असेल!

हे मॉडेल म्हणजे '४०/५०', जे पुढे 'सिल्व्हर घोस्ट' या नावानं जगभर गाजलं. सहा सिलिंडर, सात लिटरचं इंजिन. खरं तर सिल्व्हर घोस्ट हे एकाच गाडीचं नाव. चंदेरी रंगाची आणि भुतासारखी बिनआवाजाची, म्हणून. त्या गाडीला १९०७ साली विलायतेत जवळजवळ १५,००० मैल पळवलं आणि नंतर सुटी करून तिचा भाग अन् भाग तपासला. झिजलेले भाग बदलून ती पुन्हा नव्यासारखी करायला खर्च आला जेमतेम दोन पौंड. दुसऱ्याच वर्षी तिच्या बहिणीनं आमचा सह्याद्री पार केला.

आता गंमत पुढेच आहे. 'पर्ल ऑफ द ईस्ट' विकत कुणी घेतली? ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी. यंत्रांचं त्यांना विलक्षण वेड. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी, पाहुण्यांपुढे पेयं आणि सिगार नेणारी चांदीची आगगाडी प्रसिद्ध आहे, ती त्यांचीच. आणि हे शिंदे मूळचे कुठले? कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे, सातारा जिल्ह्यातले! राणोजी शिंद्यांचं घराणं कण्हेरखेडच्या पाटीलकीचं. घोड्यावर बसून नर्मदा ओलांडलेल्या सातारकरांच्या वंशजानं पावणेदोनशे वर्षांनी विकत घेतलेली मोटार स्वतःला सिद्ध करून आली ती या दक्षिण महाराष्ट्राच्या घाटवाटांवर. इतिहास असे फेरे घेतो तेव्हा मला शिकवायला उभं राहिल्यासारखं वाटतं.

असो. या गाड्यांची मोहिनी तरी कशात आहे? पुतण्याबरोबर अशा मोटारींच्या प्रदर्शनांना मी गेलो आहे. मला मोटार चालवता येत नाही, तरी पाय निघत नाही हे कबूल. एक कारण मला असं वाटतं की या गाड्या यंत्र असूनही हातांनी घडवलेल्या आहेत. रोल्स काय, मेबॅक काय, कंपनी फक्त सांगाडा, इंजिन आणि चाकं द्यायची. वरची पेटी, म्हणजे बॉडी, गिऱ्हाइकाच्या मर्जीनुसार दुसरे कारागीर बांधायचे. आत लाकडाची चौकट, तिच्यावर हातोडीनं ठोकून आकार दिलेला पत्रा. पूर्वी बग्ग्या बांधणारी घराणीच मोटारींच्या पेट्या बांधू लागली होती. म्हणून तर जुनी मोटार बघताना तिच्यात अजून घोडागाडी दिसते. आणि दुसरं कारण म्हणजे बोनेट उघडलं की काय कशाला जोडलंय ते दिसतं. आजच्या गाडीचं बोनेट उघडलं तर काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं, बास.

अशा शेकडो गाड्या संस्थानांत होत्या. मग त्या गेल्या कुठे?

हा इतिहास आमच्या जिल्ह्यांच्या इतिहासाशी बांधलेला आहे. तरुण वाचकांसाठी सांगतो. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ साली खालसा केली, त्यामुळे सातारा हा सरकारी मुलूख. पण त्याला खेटून औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं नांदत होती. आपल्याकडे दोन गावांमधला ओढा ओलांडला की राज्य बदलायचं! दक्षिणेतली ही संस्थानं मार्च १९४८ मध्ये विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. त्याच साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. माझ्या जुन्या दाखल्यावर अजून 'दक्षिण सातारा' आहे, नातवंडांना तो टायपाचा दोष वाटतो.

राज्यं गेली, तनखे राहिले. १९७१ च्या घटनादुरुस्तीनं तेही गेले. हत्ती आणि घोडे तर आधीच पांगले होते, आता मोटारींची पाळी आली. टायर मिळेनात, सुटे भाग मिळेनात, पेट्रोल परवडेना. देशभरात कित्येक गाड्या मातीमोल भावात परदेशी गिऱ्हाइकांना गेल्या, कित्येक भंगारात. कुठे गाडीखान्यात कोंबड्यांनी अंडी घातली. पुढे सरकारनं जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली, तेव्हा ही गळती थांबली. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची भगवी रोल्स, 'स्टार ऑफ इंडिया', अशीच १९६८ साली परदेशात गेली होती. त्यांच्या वंशजांनी चाळीस वर्षांनंतर ती परत विकत घेऊन घरी आणली.

आता २०२१ पासून केंद्र सरकारचा स्वतंत्र नियमच आहे. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूप न बदललेली दुचाकी वा चारचाकी असेल तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. वेगळी नंबर प्लेट, तिच्यावर 'व्हीए' ही अक्षरं. नोंदणी दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्यानं फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, संशोधन यांपुरतीच रस्त्यावर आणायची. या हिशेबानं आमच्या गल्लीतली १९७२ ची फियाटसुद्धा आता मेबॅकच्या पंगतीला बसली!

गाडी पुन्हा उभी करणं म्हणजे काय असतं, हे मी त्या पुतण्याच्या नादानं थोडंफार पाहिलं. वीस-तीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन जाम झालेलं असतं. ते जोर लावून फिरवायचं नाही. तेल सोडून दिवसेंदिवस वाट बघायची. मग सगळं सुटं करायचं. जुन्या इंजिनांत आजच्यासारखी तयार बेअरिंग नसतात. कथील मिसळलेला पांढरा धातू वितळवून ओतायचा आणि शाफ्टच्या मापानं कोरायचा. सुटा भाग बाजारात नसतो, तेव्हा मोडका नमुना समोर ठेवून लेथवर नवा कातायचा नाहीतर ओतून घ्यायचा. वाळवीनं खाल्लेली लाकडी चौकट सुतार नव्यानं जुळवतो. पत्र्याचं काम डेंटर करतो, गाद्यांचं कुशनवाला. चकाकीतसुद्धा मेख आहे. १९३० च्या आधीच्या गाड्यांना निकेलचा मुलामा असे, क्रोम नंतर आला. जुन्या गाडीला क्रोम चढवलं की ती पैठणीवर प्लास्टिकची फुलं लावल्यासारखी दिसते. जाणकार लगेच नाक मुरडतात.

आणि हे सगळं करतो कोण? शाळेत आम्ही ज्यांना 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून मागच्या बाकावर बसवलं, ती मुलं. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात फाउंड्री आणि लेथ यांची जी विद्या मुरली आहे ती काही एका दिवसात आली नाही. 'पर्ल ऑफ द ईस्ट'नं ती शर्यत जिंकली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१० साली, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला. बेळगावातली जागा सोडावी लागली होती आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जमीन आणि कर्ज दिलं. तीच किर्लोस्करवाडी, आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथे काय केलं? तर लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटे, म्हणून सुरुवातीला कुणी घेईना. पण त्या नांगराच्या कारखान्यानं आणि पुढे ऊस-विहिरींच्या इंजिनांनी या भागातल्या पोरांच्या हाताला लोखंडाची सवय लावली.

इथे मला जे म्हणायचं आहे त्याच्याकडे येतो.

प्रदर्शनात प्रत्येक गाडीपुढे एक पाटी असते. गाडीचं साल, कंपनी, इंजिनाची ताकद आणि पहिल्या मालकाचं नाव. अमुक संस्थानचे तमुक महाराज. पुतण्या कौतुकानं वाचतो. मला त्या पाटीवर दोन नावं कमी दिसतात. एक, ज्याच्या शेतसाऱ्यातून गाडी आली त्या रयतेचं. संस्थानचा खजिना म्हणजे शेवटी धान्य विकून भरलेला सारा. आणि दुसरं, ज्यानं पन्नास-साठ वर्षं ती गाडी पुसली, चालवली, दुरुस्त केली त्याचं. सगळे संस्थानिक उधळे होते असं मी म्हणत नाही. औंधकरांचं उदाहरण वर दिलंच आहे, त्यांनी तर १९३९ साली सत्ताच प्रजेच्या हाती दिली. पण चकचकीत गाडीपुढे उभं राहून फोटो काढताना हे दोन प्रश्न मनात यायला हरकत नसावी.

पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही आनंदात मिठाचा खडा टाकता." मी म्हणतो, अरे, मिठाशिवाय चव तरी कुठली?

त्याला मी मग दुसऱ्या एका वाहनाची गोष्ट सांगितली, तीही कोल्हापूरचीच. १९०८ साली कोल्हापूरच्या गादीवर होते राजर्षी शाहू महाराज. त्यांच्या एका गाडीचं नाव आजही कोल्हापुरातली माणसं घेतात, आणि ती मोटार नव्हे. तो खडखडा. नावासारखाच खडखडणारा, घोड्यांचा. महाराज पुष्कळदा स्वतः हाकायचे. उंचीपणा म्हणाल तर काहीच नाही.

दरबारी पागेत गंगाराम कांबळे नावाचे दलित नोकर होते. पाण्याला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत दिली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराजांचा खडखडा त्या हॉटेलासमोर थांबू लागला. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. छत्रपतींच्या हातात कप पाहिल्यावर इतरांना नाक मुरडायची सोय उरली नाही. याच गंगारामांनी पुढे पुढाकार घेऊन महाराजांचं स्मारक उभं केलं.

रोल्सची कीर्ती झाली ती ६२० मैलांत ती थांबली नाही म्हणून. खडख़ड्याची आठवण राहिली ती एका चहाच्या दुकानापुढे तो थांबला म्हणून. दोन्ही गोष्टी कोल्हापूरच्या वाटेवरच्या आणि मला दोन्ही हव्यात. घाट न थांबता चढणारं यंत्र करणं ही माणसाच्या बुद्धीची कमाई आहे, तिच्यापुढे मान लववायलाच हवी. पण वाहनाचं मोठेपण त्यात बसलेला माणूस कुठे उतरतो यावरही ठरतं, हे मुलांना सांगितल्याशिवाय मोटारीचा धडा पुरा होत नाही.

म्हणून या जुन्या गाड्या जपायला हव्यात असंच मी म्हणेन. त्या भंगारात गेल्या तर रयतेचा पैसा दुसऱ्यांदा वाया जाईल. फक्त जपताना पाटी पुरी लिहावी.

आणि वाचकांना, विशेषतः नातेवाईक मंडळींना, एक विनंती. आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांत कुणाचे आजोबा संस्थानात ड्रायव्हर असतील, कुणाचे पणजोबा एस.टी. सुरू व्हायच्या आधीच्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर असतील, कुणाचे मामा गॅरेजात मिस्त्री असतील. त्यांची नावं, गावं, कोणती गाडी, काय काम, एवढं तरी लिहून ठेवा. मला कळवलंत तर मी इथे नोंदवीन. मोटारींच्या मालकांची नावं पुस्तकांत मिळतात. ही नावं तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत, आणि सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.